ती यादी कुठली आहे, ते आधी बघ

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली ‘सर्वाधिक मागणी असलेली दहा डिजिटल कौशल्यं’ ही यादी वाचली. यातलं यंदा काय शिकू, असं विचारलं आहेस. त्याआधी मला सांग, नोकरी कुठे करायची आहे? कारण यादीत जागेचं नावच नाही, आणि जागेशिवाय मागणी नसते.

एक भाग सगळीकडे सारखा आहे, तो आधी सांगून टाकते. अमेरिकेत ब्रुकिंग्ज संस्थेने ५४५ व्यवसाय तपासले, तेव्हा संगणकाशी फारसा संबंध न येणाऱ्या नोकऱ्या २००२ मधल्या ५६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत ३० टक्क्यांवर आलेल्या दिसल्या. ब्रिटनमध्ये २०१९ साली ऑनलाइन जाहिराती चाळल्या, तर ८२ टक्के जागांना कसलं ना कसलं डिजिटल कौशल्य हवं होतं. आकडा मोठा वाटतो, पण त्यात स्प्रेडशीटसारखी रोजची कार्यालयीन सॉफ्टवेअरही धरलेली आहेत. हा पाया तुझा अजून कच्चा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेव.

पायाच्या वर मात्र प्रदेश बदलला की मागणी बदलते. डिजिटल कौशल्य तिथल्या धंद्याच्या पाठीवर बसून येतं. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या परिसरात मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनतात, म्हणून तिथे कॅड, म्हणजे संगणकावर भागांचे आराखडे काढणं, येणारे आणि गाडीतल्या छोट्या नियंत्रक-संगणकांसाठी प्रोग्राम लिहिणारे लागतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनला तेल आणि वायू, तर जमिनीखालच्या थरांचा डेटा वाचणारे हवेत. तिथल्याच सिएटलच्या परिसरात ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट असल्यावर क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवरच्या कामाची, मागणी असणारच. ‘पायथन’ या प्रोग्रामिंगच्या भाषेचं नाव या तिन्ही ठिकाणच्या जाहिरातींत सापडेल, पण ह्यूस्टनमध्ये पायथन शिकलेल्याला स्टुटगार्टचं काम लगेच जमेलच असं नाही. भाषा तीच असली, तरी तिथल्या कामाची जाण वेगळी लागते.

आणि मागणी नव्याचीच असते असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली होती. बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि त्या राज्याची यंत्रणा अजून जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, चालत होती. कोबॉलची जडणघडण १९५९ साली सुरू झाली. तुझ्या यादीत ती नाही, पण तिथे ती येणारी माणसं शोधावी लागत होती.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. फरक नुसता कौशल्याच्या नावाचा नसतो, खोलीचाही असतो. जिथे एकाच प्रकारच्या शेकडो कंपन्या आहेत, तिथे एका विषयात खोल उतरलेला माणूस हवा असतो. बाकीची कामं करायला दुसरे असतात. जिथे कंपन्या थोड्या आणि लहान, तिथे एकाच माणसाने हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, वेबसाइटवरची माहिती बदलायची, बॅकअप घ्यायचा आणि मालकाला महिन्याचा तक्ताही काढून द्यायचा. दुसऱ्या प्रकारच्या कामाला कमी लेखू नकोस. त्यात तीन वर्षांत संपूर्ण धंदा डोळ्यांखालून जातो. पण त्यात जोखीमही आहे. नोकरी गेली तर जवळपास तशी दुसरी मिळत नाही. म्हणून तिथे राहायचं असेल तर एसक्यूएलसारखं (साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधून काढायची भाषा), कुठेही चालणारं एखादं कौशल्य सोबत ठेवच.

दूरस्थ कामामुळे हा फरक मिटला, असं तुला कोणी सांगेल. मला ते पटत नाही. जागा दूरस्थ असली की अर्जही चहूकडून येतात, आणि घरी बसून शिकवणं अवघड म्हणून आधीच अनुभव असलेल्याला पसंती मिळते. सुरुवातीच्या वर्षांत हे लक्षात ठेव.

जाहिरातींवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. एका कारखान्यासाठी मी स्वतः जाहिरात लिहिली होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीची जाहिरात समोर ठेवून अर्ध्या अटी तशाच उतरवल्या. ज्याला घेतलं, त्याला त्यातली निम्मी साधनं पुढे दोन वर्षं लागलीच नाहीत. आणि त्या अटी वाचून किती चांगली मुलं अर्ज न करताच थांबली असतील, याचं मला आजही वाईट वाटतं. शिवाय लहान मालक पुष्कळदा जाहिरात देतच नाहीत, ओळखीतून माणूस घेतात. त्यांची गरज कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

तेव्हा असं कर. जिथे राहायचं ठरेल, तिथल्या तीस जाहिराती वहीत उतरव. साधनाच्या नावापुढे त्याने करायचं काम लिही. काम कळत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाक. मग तिथेच नोकरी करणाऱ्या दोघा-तिघांना भेट आणि विचार, काल दिवसभर संगणकावर काय उघडं होतं? ‘काय शिकू’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ते यादीतलंच देतील.

वहीची पानं मला पाठव. प्रश्नचिन्हं जास्त असली तरी चालेल, आपण बसून एकेक बघू.