रात्री साडेअकराचा ओटा

«ताई, माझं वय ४९. मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, यजमान बँकेत आहेत. एकुलती एक मुलगी २४ वर्षांची. इंजिनिअर होऊन दोन वर्षं हिंजवडीला नोकरी केली, आता एमएस करायला जर्मनीला चालली आहे. तिकडच्या खर्चासाठी आगाऊ भरायचे ते ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे भरून झाले, सप्टेंबरच्या शेवटी निघेल. मार्चमध्ये ॲडमिशनचं पत्र आलं तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. झोप लागत नाही. ती गेल्यावर हे घर मला खायला उठेल, या विचाराने आत्ताच रडू येतं. जमेल तेवढी तयारी करून ठेवते आहे. कपाटाच्या दाराला आतून यादीच चिकटवली आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दाण्याची चटणी, साजूक तूप, सगळं पाव-पाव किलोच्या पाकिटांत. यजमान म्हणतात, अजून दोन महिने आहेत, आत्तापासून काय? त्यांना काहीच वाटत नाही का? मैत्रिणी म्हणतात, वर्तमानात जग. मोबाइलवर ध्यानाचं ॲप घेतलं, पहाटे दहा मिनिटं डोळे मिटून बसते, पण मन सप्टेंबरातच पळतं. मुलगी मात्र निवांत. तिला वेळेचं भान म्हणून नाही. रात्री साडेअकराला मी पाकिटं भरत असते तर ही येऊन ओट्यावर बसते, तळहातावर मेतकूट घेऊन चाटते, काहीतरी बडबड करते. मीच तिला झोपायला पिटाळते. अशाने तिकडे कसं होणार हिचं? ताई, ती गेल्यावर मी कशी जगू? मनाची तयारी आत्तापासून कशी करू?»
— एक आई, पुणे

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा पोटात कालवलं. दुसऱ्यांदा त्या ओट्यापाशी अडखळले. तिसऱ्यांदा मात्र मला तुमचा राग आला, आणि तो मी लपवणार नाही. वयाने मोठी आहे, तेवढा हक्क द्या.

यजमानांना काही वाटतं की नाही, तो प्रश्न आज बाजूला ठेवू. मैत्रिणींचा सल्लाही राहू दे. मला बोलायचं आहे ते ओट्याबद्दल. एवढ्या पत्रात त्याला तुम्ही दोन ओळी दिल्यात, त्याही मुलीची तक्रार म्हणून, यादी सांगून झाल्यावर.

चोवीस वर्षांची मुलगी आहे. हातात फोन असेल, आणि त्या वेळी तिच्या वयाचं निम्मं पुणं जागं असतं. ते सगळं सोडून ती रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात येते, कारण तिथे तुम्ही आहात. खुर्ची ओढून समोर बसत नाही, ओट्यावर चढते. गॅसशेजारच्या त्या हातभर मोकळ्या जागेत, पाय खाली सोडून. ओट्यावर बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची टाच खालच्या ट्रॉलीच्या दारावर आपटत असते, एका लयीत, त्यांच्या नकळत. लहानपणी तिला तिथेच बसवून तुम्ही भरवलंही असेल. आता ती आपल्या पायाने येऊन तिथे बसते आणि ‘काहीतरी बडबड’ करते. काय बडबड? पत्रात ते कुठेच नाही. काल रात्री ती काय म्हणाली, आठवतंय तुम्हाला?

या वयाची मुलं समोर बसून ‘आई, मला भीती वाटते’ असं म्हणत नाहीत. आईचे हात कामात असले, तिची पाठ असली, नळ वाहत असला की त्यांना तोंड फुटतं. आधी ऑफिसमधल्या कुणाचं तरी सांगून होतं, मग कुठल्या मैत्रिणीचं ठरलेलं लग्न, मग थोडा वेळ नुसतीच टाच. त्यानंतर जे येतं, ते सांगायला मूल आलेलं असतं. तिथवर यायला अर्धा तास लागतो. तुम्ही तिला त्याच्या आधीच पिटाळता.

आणि कशासाठी, तर ऑक्टोबरमध्ये तिला भाजणी कमी पडू नये म्हणून! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी म्हण आहे आपल्याकडे. तुमचा विरह अजून बाजारात आहे आणि मार घरातली मुलगी खाते आहे. ऑक्टोबरमधली मुलगी तुमची लाडकी झाली आणि जुलैमधली सावत्र. जी अजून कुठे गेलेली नाही तिच्यासाठी तुम्ही रात्ररात्र जागता, आणि जी चार फुटांवर बसली आहे तिला झोपायला घालवता.

हे मला कसं कळतं, तेही सांगते. माझा मुलगा २००१ साली अमेरिकेला शिकायला गेला. त्याच्या बॅगेत काय काय होतं ते मी आजही डोळे मिटून सांगीन. तीन लिटरचा कुकर, त्याची जादा रिंग, जादा शिट्टी, मिसळणाचा डबा, दोन सोलापुरी चादरी. निघायच्या आधीचा आठवडाभर मी रोज रात्री शेजारून आणलेल्या काट्यावर ती बॅग चढवायची, काहीतरी काढायची, काहीतरी भरायची. तो खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. बोलायचा काहीबाही. मी म्हणायचे, थांब रे, आकडा चुकतो माझा. अकरा वर्षांनी सुट्टीत घरी आला होता, तेव्हा भांडी विसळता विसळता सहज म्हणाला, “आई, तेव्हा मला जायचंच नव्हतं. दोन-तीनदा तुला सांगायला आलो होतो.”

तो गेला हे चांगलंच झालं, तोही तसंच म्हणतो. तेव्हा ऐकलं असतं तरी मी त्याला थांबवलं नसतं. पण त्या आठवड्यात माझं पोर एकटं घाबरलेलं होतं आणि मी त्याच्यापासून दोन हातांवर किलो मोजत होते. कुकरची रिंग केवढी होती ते मला आठवतं. त्या उंबऱ्यावर तो काय बोलला, त्यातला एक शब्द आठवत नाही.

म्हणून तुमच्या यादीचं आत्ताच काय ते सांगून टाकते, म्हणजे ती डोक्यातून उतरेल. साजूक तूप आधी काढा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, सगळं त्यात आलं. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर काढून घेतील आणि तिला तिथे खाली मान घालून उभं राहावं लागेल. जर्मनीतल्या साध्या किराणा दुकानातही ‘बुटरश्माल्त्स’ या नावाने कढवलेलं लोणी मिळतं, आपल्या तुपाचं सख्खं भावंडच. मेतकूट-भातावर तेच घालील. दाण्याची चटणी आत्ता केलीत तर ती निघेपर्यंत खवट होईल. भाजणीला या पावसाळी हवेत कीड लागेल. दोन्ही शेवटच्या आठवड्यात करा. तूरडाळ, पोहे, हिंग तिकडच्या मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांतून मिळतं. उरलं मेतकूट आणि गोडा मसाला. ते एका रविवारचं काम आहे, आणि तुमचं बहुतेक होऊनही गेलं आहे.

म्हणजे रोज रात्री साडेअकरापर्यंत पुरेल एवढं काम तुमच्याकडे मुळात नाहीच. तुम्ही ते काढलंत. हात रिकामे राहिले की रडू येतं, म्हणून काढलंत. ते मला कळतं हो. डाळी भाजताना डोळ्यांत पाणी आलं तर धुराचं नाव सांगता येतं, हेही मला माहीत आहे.

तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटचं लिहिलं आहे. वर्षाचे ११,९०४ युरो आगाऊ भरायचे, मग तिकडे महिन्याला ९९२ युरो तिच्या हातात पडत राहतात. मला वाटतं, तुम्ही दुःखाचंही तसंच काहीतरी चालवलं आहे. आत्ता एकरकमी भरून टाकलं की ऑक्टोबरपासून थोडं थोडं सुटेल आणि सोसवेल, असा हिशेब. दुःखाचं असं खातं नसतं. मार्चपासून पाच महिने रडलात, म्हणून विमानतळावरून परत येताना गाडीत एक हुंदका कमी येणार नाही. तो पुराच येईल. वर हे पाच महिने गेलेले असतील.

मुलीला ‘वेळेचं भान नाही’ असं तुम्ही लिहिलंत. त्या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ मारली आहे. मी इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला बसून आले आहे. पहिले तीन दिवस तिथे दुसरं काही नसतं, नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा बघायचा. मन पळतं, आणायचं, पुन्हा पळतं. तुमच्या ॲपमध्येही असंच काहीतरी असेल. याला पाली भाषेत सती म्हणतात, तोच संस्कृतातला स्मृती हा शब्द. आत्ता जे चाललं आहे ते विसरायचं नाही, त्याची आठवण धरून राहायचं. मराठीत याला भान हाच शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. श्वासापासून सुरुवात करतात, कारण तो सदासर्वदा जवळ असतो. तुमच्याकडे त्याहून सोपं साधन रोज रात्री आपण होऊन येतं आणि ओट्यावर बसतं. पहाटे तुम्ही श्वास धरायला धडपडता आणि रात्री त्याला दार दाखवता. तुमच्या घरात भान आहे ते त्या मुलीलाच. किती रात्री उरल्या आहेत ते तिला नेमकं कळलं आहे.

किती उरल्या आहेत? साठेक धरा. त्यातल्या काही मैत्रिणींच्या, काही आजोळच्या, काही रात्री ती दमून लवकर झोपेल. तुमच्या वाट्याला चाळीस आल्या तरी खूप. त्यानंतर तुमच्याकडे साडेअकरा होतील तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे आठ असतील, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतली की सात. ती तिच्या स्वयंपाकघरात उभी असेल, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असेल, मागे कुणी अनोळखी मुलगी फ्रिज उघडत असेल. तुम्ही दोघी बोलाल, भरभरून बोलाल. पण दाराला लागणारी ती टाच फोनवर ऐकू येणार नाही.

ती गेल्यावर मी कशी जगू, हे मला ऑक्टोबरमध्ये विचारा. नक्की लिहा, मी वाट बघीन आणि आपण दोघी मिळून उत्तर शोधू. आज ते माझ्याकडे नाही, कारण ती अजून गेलेलीच नाही. मनाची तयारी म्हणून तुम्ही जे चालवलं आहे ते सुतक आहे, आणि तेही धडधाकट, मेतकूट चाटणाऱ्या मुलीचं. शब्द कडक आहे, मला ठाऊक आहे. तो मी मागे घेत नाही.

आजपासून एकच करा. रात्री नऊनंतर पाकिटांना हात लावायचा नाही. ओटा पुसून गॅसशेजारची तिची जागा मोकळी ठेवायची. तुमच्या हातांना चाळा मात्र हवा, नाहीतर दोघी अवघडाल. मेथी निवडा, लसूण सोला. लसूणच बरा, तो लवकर संपत नाही. ती आली की ‘झोप आता’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. व्हिसा, तिकीट, खोली, थंडीचे कपडे, यातलं काही विचारायचं नाही. ती बोलेल तिथून बोलायचं. गप्प बसली तर तुम्हीही गप्प. रडू आलं तर येऊ दे, तिने पाहिलं तरी चालेल, कदाचित ती त्याचीच वाट बघत असेल. एक वाजला तर वाजू दे. सकाळी ती उशिरा उठली आणि ऑफिसला जायला उशीर झाला, तर तिचं ती बघून घेईल.

आणि मेतकुटाचा मोठा डबा झाकण काढून ओट्यावर ठेवा. या हवेने सर्दावेल, सर्दावू दे. चमचा ठेवू नका, ती तळहातावरच घेते.