पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालीत. रोजच्या गोळीऐवजी आठवड्याची चालेल का?

चालते. अ‍ॅलेंड्रोनेट हे ठिसूळ हाडांवरचं औषध हाडाला चिकटून बराच काळ राहतं, म्हणून रोज १० मिग्रॅऐवजी आठवड्याला ७० मिग्रॅची एकच गोळी पुरते. गडबड होते ती घेण्यात. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळा. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. चहा, दूध, कॅल्शियमची गोळीही त्यानंतरच. आधी घेतलीत तर औषध अंगी लागतच नाही. वार चुकला तर आठवेल त्याच्या दुसऱ्या सकाळी घ्या, एका दिवशी दोन नकोत.

गोळी सोसत नसेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं ५ मिग्रॅ सलाईन वर्षातून एकदा. आधी रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि कॅल्शियम तपासतात. डेनोसुमॅब हे ठिसूळ हाडांवरचं सहामाही इंजेक्शन चालू असेल तर पुढचा डोस मात्र लांबवू नका, मणके पिचतात.