बंडाआधी नायिका वाडीची असू द्या

शिमग्यात पालखी खांद्यावर घ्यायची ठरवणारी 16 वर्षांची मुलगी, हा तुमच्या कादंबरीचा विषय दमदार आहे. पण मसुद्यात ती पहिल्याच पानावर सगळ्यांपेक्षा वेगळी आणि वाडीतले सगळे बुरसटलेले, इथे गोष्ट अडते. जिला गमावण्यासारखं काही नाही, तिच्या बंडाची वाचकाला धास्ती वाटत नाही.

आधी दोन प्रकरणं तिला वाडीत रमू द्या. गणपतीत घरोघर आरत्यांना फिरताना झांज तिच्या हातात असू दे. आजीला रात्री दवाखान्यात न्यायला शेजारच्या काकांनीच रिक्षा काढू दे. मग तिचं बंड एका झटक्यात नको. दोन-तीनदा ती मन मारून गप्प बसू दे, दर वेळी नुकसान थोडं वाढू दे. मैत्रिणीची टिंगल चालू असताना तीही हसते, असा एक प्रसंग हवाच. या वयात दबाव भाषणातून क्वचितच येतो. तो येतो व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या मेसेजला कुणीच उत्तर न देण्यातून, एसटीत तिच्यासाठी जागा न धरण्यातून.

तिने पालखी घ्यायला विरोध करणारेही हेच रिक्षा काढणारे काका असू द्या, आणि त्यांना खरं कारण द्या: मानावरून वाद पेटला तर पालखीच बंद पडेल, चाकरमानी यायचे थांबतील. शेवटी अख्ख्या गावाने टाळ्या वाजवू नयेत. एक माणूस बदलला तरी पुरे. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर तिची समज 16 वर्षांचीच ठेवा, आणि 'मी वेगळी आहे' हे वाक्य दिसेल तिथे खोडा.