प्रश्न वाचकांचे : पेकिनपा आणि पडद्यावरचा रक्तपात

प्रश्न : सॅम पेकिनपा यांचा ‘द वाइल्ड बंच’ पाहिला आणि त्यातला रक्तपात मला असह्य झाला. हिंसेचे भांडवल करणाऱ्या दिग्दर्शकाला एवढे मोठे का मानतात?

उत्तर : तो असह्य व्हावा, असाच चित्रित केलेला आहे. जुन्या वेस्टर्नपटांत, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या घोडेस्वार बंदूकबाजांच्या चित्रपटांत, गोळी लागलेला माणूस घोड्यावरून निमूटपणे पडे आणि गोष्ट पुढे सरके. पेकिनपा यांनी १९६९ साली ते मरण लांबवले. वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांनी एकच चकमक टिपून, संकलक लू लोम्बार्डो यांच्यासह त्यांनी संथ तुकडे नेहमीच्या गतीच्या तुकड्यांत असे गुंफले, की कोसळणारा देह जमिनीला टेकेपर्यंत आपली नजर हलत नाही. संथ गती जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी आधीच वापरली होती. पेकिनपांनी तिला वेस्टर्नपटाचे व्याकरण केले आणि पुढे जॉन वू यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी ते उचलले. त्याच चित्रपटाच्या आरंभी काही मुले विंचू मुंग्यांच्या झुंडीत सोडून हसत पाहत बसतात आणि शेवटी त्यावर गवत टाकून पेटवून देतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांतल्या त्या आनंदाचीच दिग्दर्शकाला धास्ती वाटते, असे माझे मत आहे. ‘स्ट्रॉ डॉग्ज’मधील (१९७१) बलात्काराच्या प्रसंगाचे समर्थन मात्र मला करता येत नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे १९२५ साली जन्मलेले पेकिनपा दूरचित्रवाणीवरील वेस्टर्न मालिकांतून चित्रपटांकडे आले. निर्मात्यांशी त्यांचे कधीच पटले नाही. ‘मेजर डंडी’ (१९६५) त्यांच्या हातून काढून घेऊन कापला गेला, पुढच्या चित्रपटावरून चित्रीकरण सुरू होताच त्यांना काढून टाकण्यात आले आणि ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ (१९७३) एमजीएम या चित्रपट कंपनीने १०६ मिनिटांवर आणून प्रदर्शित केला. दारूनेही त्यांची उमेद पोखरली. १९८४ साली, वयाच्या अवघ्या ५९व्या वर्षी ते गेले.

तुम्ही ‘राइड द हाय कंट्री’ (१९६२) अवश्य पाहा. त्यात जोएल मॅक्रे यांनी साकारलेला म्हातारा बंदूकबाज जखमी होऊन एकटा मागे राहतो, मान वळवून दूरच्या डोंगरांकडे एकदा पाहतो आणि सावकाश चौकटीच्या खाली सरकतो. पडद्यावर उरतात ते फक्त डोंगर.