नागपुरात एका दिवसात अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) आणि सदर भागातलं जुनं चर्च (ऑल सेंट्स कॅथेड्रल), दोन्ही नीट बघून होईल का?

होईल, पण रविवारी जा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि ऑल सेंट्स कॅथेड्रल आतून बघायची खात्रीची वेळ म्हणजे रविवारी सकाळची उपासना संपल्यावरची. त्यामुळे आधी चर्च.

ऑटोवाल्याला नुसतं 'सदरचं चर्च' सांगितलं तर तो मोहननगरच्या कॅथलिक कॅथेड्रलला सोडू शकतो. 'सीएनआयचं (म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) ऑल सेंट्स' असं सांगा. हे चर्च १८५१चं. २९ नोव्हेंबर १९७० ला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट वगैरे मंडळ्या इथेच एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. फोटो विचारूनच काढा.

तिथून संग्रहालयासाठी सिव्हिल लाइन्स. मेट्रोनं आलात तर झिरो माइलला उतरून चालत जा. डिसेंबरात विधानभवनात अधिवेशन असेल तर आजूबाजूचे रस्ते बॅरिकेड लावून अडवलेले असतात, ऑटो लांबच थांबतो.

अजब बंगल्यात (१८६३) बहुतेक लोक पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशीच दमतात. तुम्ही आधी गुंगेरियाचा साठा शोधा. १८७० मध्ये बालाघाटकडे गुरं राखणाऱ्या पोरांना तो सापडला: तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे. त्यातला काही भाग ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही इथे आहे. चपट्या कुऱ्हाडी आणि पहारीसारख्या लांब पट्ट्या बघून झाल्या की चांदीच्या पत्र्यांपाशी थांबा. काही गोल चकत्या आहेत, काही बैलाच्या डोक्याच्या आकारात कापलेले, शिंगं खाली वळलेली. अशा ताम्रसाठ्यांत चांदी सहसा मिळत नाही, म्हणून हा साठा इतका महत्त्वाचा. काचेवर उजेड चमकत असेल तर समोरून न बघता बाजूला सरकून तिरकं बघा.

मग आदिवासी दालन. इथे जाण्याआधी स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याबद्दल थोडं वाचून या. त्यानं गोंडांची गाणी-कथा टिपून ठेवल्या. नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (गोलाकार मांडलेले प्राचीन दगड) बघून परतताना १८६३ मध्ये तो नदीत बुडाला, आणि त्याची टिपणं मध्य प्रांताचा तेव्हाचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यानं १८६६ मध्ये संपादून छापली. हे माहीत असलं की दालनातल्या वस्तूंकडे 'जुनं सामान' म्हणून बघणं होत नाही.

संग्रहालय पाचच्या सुमारास बंद होतं आणि कर्मचारी त्याआधीच दालनं आवरायला लागतात, तेव्हा एकच्या आत पोचा. तिकिटाला सुटे पैसे असू द्या.