दोन्ही हातांचं बीपी सारखं का येत नाही?

रुग्णशुश्रूषा : वाचकांचे प्रश्न

ऐरोलीहून एका रुग्णसेविकेचा प्रश्न : आजोबांचं बीपी सकाळी डाव्या हाताला १५२/८८ आलं, संध्याकाळी उजव्या हाताला १३८/८४. घरचे म्हणतात मशीन बिघडलंय. तसं असेल का?

मशीनवर खापर फोडण्याआधी बघा : वेळ वेगळी, हातही वेगळा. मग ताडून बघायचं कशाशी? दोन हातांत १० पर्यंतचा फरक पुष्कळांना असतो. एकदा दोन्ही हातांचं लागोपाठ घ्या, ज्या हाताला जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा आणि चार्टवर 'डावा' किंवा 'उजवा' लिहा. फरक वारंवार १५च्या वर जात असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

घरी बहुतेक वेळा चुकतो तो हात. पेशंट प्लास्टिकच्या खुर्चीत, हात मांडीवर, अशा वेळी आकडा फुगतो. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर साधारण ७ ते ८ने जास्त दाखवतो. हाताखाली उशी घ्या किंवा तो टेबलावर ठेवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. आधी पाच मिनिटं शांत बसवा. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे. चहा, तंबाखू, मिश्री यानंतर अर्धा तास थांबा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर असू दे. बाही गुंडाळून दंडात आवळू नका, हात बाहीतून काढा. पट्ट्यावर दंडाच्या घेराचं माप छापलेलं असतं, बहुतेकदा २२ ते ३२ सेंटिमीटर. जाड दंडाला तोच पट्टा कसाबसा बसवला की बीपी खोटंच जास्त येतं.

मशीन चालू असताना ना पेशंटने बोलायचं, ना तुम्ही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे आले तसे लिहा. रोज १३०/८० लिहिलेला चार्ट बघितला की डॉक्टरांना लगेच कळतं, ते बीपी मोजलेलं नाही.

डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) असलेला, सलाइन चालू असलेला किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या बाजूचा हात वापरायचा नाही. नाडी अनियमित लागत असेल तर मशीनच्या आकड्यावर विसंबू नका. नाडी पूर्ण ६० सेकंद मोजून सिस्टरना कळवा.

कळव्याहून : राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) नाचणीची पेज देते. नळी सारखी चोक होते. सिरिंजने जोर लावला तर चालेल का?

जोर नाही. त्यातून २ किंवा ५ मिलीची सिरिंज तर नाहीच. सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, नळी फाटू शकते. ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करा. तरी सुटली नाही तर सिस्टरना बोलवा.

नाचणी गार होताना आळते, चोक होण्याचं मूळ तिथेच आहे. पेज पातळ करा, बारीक गाळणीतून दोनदा गाळा, कोमट असतानाच द्या. गोळ्या फीडमध्ये कालवू नका. एकेक गोळी वेगळी कुटून पाण्यातून द्या. नावापुढे एसआर, सीआर, एक्सएल असलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

प्रत्येक फीडआधी नाकपुडीशी नळीवर केलेली मार्करची खूण बघा. ती सरकली असेल, नळी तोंडात गुंडाळलेली दिसली किंवा पेशंट खोकत असेल तर फीड थांबवा. नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवून बुडबुडे बघायची जुनी सवय सोडा, त्यावरून नळी पोटात आहे की नाही हे खात्रीने कळत नाही. निसटलेली नळी स्वतः पुन्हा घालू नका.

पाठीपासून ३० ते ४५ अंश उचला. नुसत्या मानेखाली उशी कोंबली तर पोट दाबलं जातं. आधी ३० मिली पाणी, मग दट्ट्या काढलेली सिरिंज पोटापासून वीतभर उंच धरून २०० मिली फीड १५ ते २० मिनिटांत आपसूक उतरू द्या. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. सिरिंज रिकामी व्हायच्या आत नळी चिमटीत धरा, नाहीतर हवा आत जाते. नंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. किडनीच्या किंवा हृदयाच्या पेशंटचं हे पाणीही दिवसाच्या हिशेबात धरा.

घोडबंदर रोडवरून : एअर बेड आहे. तरी दर दोन तासांनी कूस बदलायची?

हो, बदलायचीच. हवेची गादी दाब कमी करते, नाहीसा करत नाही. आणि वीज गेली की पंप बंद. कमरेच्या खाली गादीखालून तळवा सरकवून बघा. हाडाचा भार थेट हाताला लागला तर गादीत हवा अपुरी आहे. कुशीवर पूर्ण नको, ३० अंश कलवा, पाठीशी उशी लावा. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. ओढू नका, ड्रॉशीट (पेशंटखाली घातलेली आडवी चादर) धरून दोघांनी उचला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा : आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी जागा ही बेडसोअरची (पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते. तिथे चोळायचं नाही.

नेरुळहून : पावसाळ्यात शुगर भलतीच येते. का?

शुगर मोजायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या खराब होतात. पट्टी काढली की झाकण लगेच लावा. दुसरं कारण बोट. पेशंटने आंबा किंवा केळं सोललेला हात नुसता पुसला, धुतला नाही, तर शुगर जास्त येते. धुऊन कोरडं करा, बोटाच्या कडेला टोचा.

७०च्या खाली आली आणि पेशंटला गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर करा आणि १०८ला फोन लावा.