बसवलेला टायर परत घेणार नाही, असं विक्रेत्याला म्हणता येतं का?

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. जून २०२५ मध्ये गाडीसाठी १८५/६५ आर १५ मापाचे चार टायर ऑनलाइन मागवले, बिल २१,६०० रुपये. ऑर्डरआधी चॅटवर विचारलं, तेव्हा ‘माल सहा महिन्यांच्या आतला आहे’ असं उत्तर आलं. ‘फिटिंग मोफत’ लिहिलेलं असूनही त्यांनीच ठरवून दिलेल्या दुकानात हजार रुपये जादा घेतले. चार दिवसांनी नेहमीच्या टायरवाल्याकडे अलाइनमेंटला गेलो, तर त्याने दोन टायर २०२१ चे असल्याचं दाखवलं. कंपनी म्हणते, बसवलेला टायर परत घेत नाही. विक्रेता हरियाणातला आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी ते दोन टायर गाडीवरून उतरवून घ्या. गाडीचे आधीचे टायर अजून चालण्याजोगे असतील तर तेच तात्पुरते चढवा. नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. तुमच्या टायरवाल्याला गेजने मोजून आकडा तारखेसह कागदावर लिहून द्यायला सांगा. टायर फारसे चाललेले नाहीत, हे त्या कागदावरून दाखवता येईल. कळल्यानंतरही दोन-तीन हजार किलोमीटर चालवलेत, तर ‘वापरून झाल्यावर तक्रार केली’ असं समोरचा वकील म्हणणारच.

तारीख आधी का दिसली नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ११२१ दिसतं, म्हणजे २०२१ चा अकरावा आठवडा, मार्च महिना. दुसऱ्या जोडीवर ०९२५ आहे. हे चार आकडे बहुधा एकाच कडेवर असतात आणि ती कड आत गेली की गाडी जॅकवर घेतल्याशिवाय वाचता येत नाहीत. हेच तुमच्या तक्रारीत लिहा.

आता तुमच्या केसचा खरा आधार. टायर अमुक महिन्यांपेक्षा जुना म्हणजे सदोष, असा सरळ युक्तिवाद करू नका. नीट ठेवलेला टायर चालतो, असं उत्पादक सांगतील आणि तुम्ही तांत्रिक वादात अडकाल. तुम्हाला एक सांगितलं आणि दुसरं दिलं, ही तुमची तक्रार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये जुना माल नवा म्हणून दाखवणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून ती चॅट तुमच्याकडचा सर्वात मोलाचा कागद आहे. आजच तिचे स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि ऑर्डर क्रमांक दिसू द्या, ईमेलवरही पाठवून ठेवा. अ‍ॅपमधली चॅट काही दिवसांनी दिसेनाशी होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

‘बसवलेला टायर परत नाही’ ही अट मन बदललेल्या ग्राहकापुरती ठीक आहे. पण ई-कॉमर्स नियम २०२० च्या नियम ६ नुसार, माल सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे वा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे परत देणं नाकारता येत नाही. वेबसाइटवरची अट या नियमावर मात करू शकत नाही.

वॉरंटी कार्डही पाहा. काही कंपन्यांची मुदत बिलाच्या तारखेपासून चालते, काहींची उत्पादनाच्या तारखेपासून. दुसरा प्रकार असेल, तर तुमची चार वर्षं घरी आणण्याआधीच संपली. हे नुकसान तक्रारीत ठळकपणे मांडा.

पहिली लेखी तक्रार वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असं बंधन त्यांच्यावर आहे. विक्रेत्यालाही प्रत पाठवा. त्याचं नाव-पत्ता साइटवर दाखवणं बंधनकारक आहे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण बऱ्याच वेळा एवढ्यावर कंपनी जागी होते.

नाही झाली, तर ग्राहक आयोग. हरियाणाला जावं लागणार नाही. त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच दाखल करता येते, म्हणजे तुमच्यासाठी साताऱ्याचा जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण टायरच्या बाबतीत दोन महिनेही थांबू नका. आकडे रबरावर कोरलेलेच असल्याने प्रयोगशाळेची तपासणी मागायची गरज नाही. अशा तक्रारींसाठी कायद्याने तीन महिन्यांचं लक्ष्य ठेवलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा.

एक चूक टाळा. इंटरनेटवरचे नमुने पाहून तक्रारीत ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकावर लादलेल्या एकतर्फी अटी, रद्द करण्याची मागणी घालू नका. ती बाब राज्य आयोगाच्या अखत्यारीत जाते आणि जिल्हा आयोगापुढे तुमची साधी तक्रार अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अडखळेल. दोन टायरचे १०,८०० रुपये, ते पुन्हा चढवण्या-उतरवण्याचा व बॅलन्सिंगचा खर्च, जादा घेतलेले हजार आणि त्रासापोटी वाजवी रक्कम, एवढंच मागा. हजार रुपयांची पावती नसेल, तर त्या दुकानदाराला मेसेज करून विचारा. यूपीआयने दिले असतील तर तो पुरावा आहेच.

आणि कंपनी तयार होऊन टायर न्यायला माणूस पाठवेल, तेव्हा दोन्ही टायरचे पूर्ण कोड पावतीवर लिहून त्याची सही घ्या, टायर त्याच्या हाती देतानाचा फोटो काढा. पावती नसेल तर टायर देऊ नका.